दुखण्याची आणेवारी

कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी आजारपणाबद्दल लिही, असे मराठीच्या सरांनी मला सांगितले. मी दोनदा नाही म्हणालो. तिसऱ्या वेळी सर म्हणाले, "अरे, उद्या कुणाच्या तरी हातात तुझ्यासारखाच तपासणीचा कागद पडेल. त्याला तुझं वाचून थोडा धीर येईल." म्हणून लिहीत आहे. दवाखान्याचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही. मी आता बरा आहे, हेही आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याच्या मनाला घोर लागणार नाही.

*

माझे गाव पाथर्डी तालुक्यात. आमच्या घरात शाळेत गेलेला मी पहिला. आईवडील, थोरला भाऊ आणि वहिनी दरवर्षी दिवाळीनंतर कोपरगावकडे ऊसतोडीला जातात. मी नगरला वसतिगृहात राहून बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षात शिकत होतो. ते बहात्तरच्या दुष्काळाचे दिवस होते.

एके दिवशी सकाळी माझ्या शर्टाचे वरचे बटण लागेना. खोलीतला मित्र म्हणाला, "भाऊ, जाड व्हायला लागलास की."

"रेशनच्या मिलो ज्वारीच्या भाकरीवर कोण जाड होतंय?" मी म्हणालो, आणि दोघेही हसलो. मग आरशात पाहिले. गळ्याच्या डाव्या बाजूला, कानाखाली, एकाशेजारी एक तीन गाठी होत्या. दुखत नव्हत्या, म्हणून मी त्यांच्याकडे महिनाभर लक्ष दिले नाही. दुखत नाही म्हणजे काही नाही, असे मला तेव्हा वाटायचे. वाचणाऱ्यांपैकी कुणालाही असे वाटत असेल तर त्यांनी एवढी माझी चूक करू नये.

नगरच्या डॉक्टरांनी गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. आठ दिवसांनी पाकीट मिळाले. डॉक्टर त्या दिवशी बाहेरगावी होते. मी पाकीट घेऊन एस.टी. स्टँडच्या बाकावर बसलो आणि खिशातला छोटा शब्दकोश काढला. कागदावर इंग्रजीत चार ओळी होत्या. तीन ओळी मला कळल्या नाहीत. चौथीतला एक शब्द शब्दकोशात सापडला.

मिळेल त्या गाडीने घरी गेलो. घरी दुपारी बिऱ्हाड बांधायचे काम चालले होते. दुसऱ्या दिवशी मुकादमाचा ट्रक येणार होता. कोयते, तवा, पिठाचे पोते, गोधड्या असे सगळे अंगणात पडले होते. घरात वाचता येणारा मी एकटा. त्यामुळे कागद वाचायचा मी आणि त्यात काय आहे ते सांगायचे तेही मीच. शिकल्याचा एवढा जड भाग आपल्या वाट्याला येईल, असे मला कधी वाटले नव्हते.

"कशाचा कागद हाय?" आईने विचारले.

"दवाखान्याचा."

"काय म्हनतोय?"

"गाठ साधी न्हाई म्हणतोय."

आई थोडा वेळ माझ्या गळ्याकडे पाहत राहिली. "मंजी त्योच रोग का?"

"व्हय."

वडील तेव्हा बोचक्याला दोरी बांधत होते. त्यांनी बांधलेली गाठ सोडली, बोचक्यातून आईचे लुगडे आणि तिची गोधडी बाहेर काढली आणि बाजूला ठेवली. "तू ह्याच्यासंगं जा," ते आईला म्हणाले. "आमी तिगं जातो."

थोरला भाऊ चिडला. "आन् तुमच्या कोयत्याचं काय? तुमी ऊस तोडनार, तर मोळ्या कोन बांधनार? तुमची सून माझ्या कोयत्यावर हाय."

ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. पुरुष तोडतो, बाई मोळ्या बांधते. एकट्या माणसाला मुकादम घेत नाही, आणि पुरुषाने मोळ्या बांधल्या तर टोळी हसते.

"मी तोडीन आन् मीच बांधीन," वडील म्हणाले. मग त्यांनी दोरीची गाठ पुन्हा मारली.

*

आमच्या जिल्ह्यातल्याच एका मोठ्या दवाखान्यात किरणांचे यंत्र नवे आले होते. मला तिथे पाठवले. पहिल्या दिवशी माझ्या गळ्यावर आणि छातीवर जांभळ्या शाईने रेघा मारल्या. किरण नेमके त्या रेघांच्या आत पडतात. तिथल्या डॉक्टर बाई म्हणाल्या, "उपचार संपेपर्यंत या रेघा पुसायच्या नाहीत. इथे पाणी लावायचं नाही. अंघोळ बंद."

आई म्हणाली, "हे एक बरं सांगितलं. गावाकडं पानी हाय कुठं आंगुळीला?"

बाई मोठ्याने हसल्या. त्या मुंबईच्या होत्या. तिथे शिकून आमच्या भागात नोकरीला आल्या होत्या. वय तिशीच्या पुढे. साध्या सुती साडीवर पांढरा डगला, आणि डगल्याच्या खिशात एक निळी वही. सगळा वॉर्ड त्यांना बाई म्हणायचा, म्हणून मीही तसेच लिहितो.

यंत्राची भीती मला वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. दुखत काहीच नाही. पण तुम्हाला फळीवर निजवून सगळे बाहेर जातात आणि जाड दार लोटून घेतात. आपल्याबरोबर जिथे कुणीच थांबत नाही अशी ती जागा. दुसऱ्या दिवसापासून मी एकोणतिसाचा पाढा म्हणू लागलो. तो मला शाळेत कधीच नीट आला नव्हता. तीनदा म्हणून झाला की यंत्र थांबायचे. महिन्याभरात पाढा पक्का झाला. नव्या रुग्णांना मी हेच सांगायचो. पाढे येत नसतील त्यांना सांगायचो, की गावातल्या घरांची नावे एका टोकापासून म्हणा.

*

माझ्या शेजारच्या खाटेवर तात्या होते. श्रीगोंद्याकडचे, साठी ओलांडलेले. गावचे कोतवाल म्हणून त्यांनी तीस वर्षे काम केले होते. त्यांचा रोग पाठीच्या कण्यात उतरला होता. ते बरे होणार नाहीत, हे बाईंना माहीत होते आणि तात्यांनाही. बाईंचा प्रश्न निराळा होता. थोडेच किरण देऊन अशा माणसाचे दुखणे कमी करता येते का, आणि घरी गेल्यावर ते कमी राहते का? हे त्यांचे संशोधन होते. निळी वही त्याचीच.

पण दुखणे मोजायचे कसे? "दुखतं का?" असे विचारले की आमच्याकडची माणसे म्हणतात, "दुखतंय आपलं." किंवा म्हणतात, "चालायचंच." त्यातून वहीत काय लिहिणार? म्हणून बाईंनी एक युक्ती काढली. दुखण्याचे आणे सांगायचे. अजिबात नसेल तर शून्य, सहन होत नसेल तर सोळा. सरकारने आणे बंद करून बरीच वर्षे झाली होती, पण म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी तेच होते. बाईंनी सगळ्या वॉर्डाला हे एकदा समजावून सांगितले. रोज सकाळी फेरीला आल्या की त्या प्रत्येकाला विचारत, "आज किती आणे?" आकडा वहीत लिहीत. आठच्या पुढे आकडा गेला, तर कुलपाच्या कपाटातले औषध द्यायचे. खाली असेल तर नुसत्या गोळ्या.

फेरीची वेळ झाली की तात्या धडपडून उठून बसायचे. डोक्याला फेटा गुंडाळायचे. साहेब लोकांसमोर बोडके बसायची त्यांना सवय नव्हती.

"तात्या, आज किती आणे?"

"चार, बाई."

दुसऱ्या दिवशी तीन. मग दोन.

बाईंचा चेहरा फुलायचा. एकदा बाहेरून एक मोठे डॉक्टर आले होते. त्यांना बाई तात्यांच्या खाटेपाशी घेऊन आल्या, आणि वहीतला उतरत गेलेला आकडा त्यांनी बोटाने दाखवला. इतका आनंद मला फक्त निकालाच्या दिवशी मुलांच्या चेहऱ्यावर दिसलेला आहे.

बाई पुढे गेल्या की तात्या फेटा सोडायचे, भिंतीकडे तोंड करून आडवे व्हायचे आणि खाटेची दांडी दोन्ही हातांनी धरायचे. त्यांची बोटे पांढरी पडायची. मी ते रोज पाहत होतो.

*

तिसऱ्या आठवड्यात माझा घसा आतून सोलल्यासारखा झाला. थुंकी गिळवेना. आई भाकरी कुस्करून ताकात भिजवायची, गाळून फक्त ताक पाजायची. ते देखील जाईना. मला बोलता येत नव्हते, म्हणून फेरीच्या वेळी बाईंनी आईला विचारले, "मावशी, याचे किती आणे?"

आईचे डोळे भरले. "तीन, बाई. तीनच आनं."

"वा, छान!" बाई म्हणाल्या. त्यांनी वहीत तीन लिहिले आणि माझ्या खांद्यावर थोपटून त्या पुढे गेल्या.

आई त्यांच्या पाठीकडे पाहत राहिली. "छान म्हनाली रे ती," ती मला म्हणाली. "पोराच्या घशाखाली पानी उतरंना, ह्यात काय छान हाय?"

मला वाटले, आई अडाणी आहे, तिला प्रश्न समजला नाही. हे लिहिताना मला लाज वाटते, पण तेव्हा असेच वाटले. मी कागदावर बारा लिहून नर्सला दाखवले. तिने घसा सुन्न करणारे औषध आणून दिले. दोन दिवसांनी मी हळूहळू बोलू लागलो.

*

त्यानंतरच्या एका दुपारी तात्या मला म्हणाले, "भाऊसाहेब, तुमी शिकलेले हाव. एक इचारू का? ह्या बाईला रान ठाव हाय का न्हाई?"

"का, तात्या?"

"मी तीस वर्सं तलाठ्यासंगं रानानं हिंडलोय. आनेवारीला. पीक किती आनं हाय ते ठरवायला. बारा आनं म्हनलं तर साहेब जीपमधनं खाली उतरत न्हाई. सहा आनं म्हनलं की उतरतो, बांधावर यितो. आन् दोन आनं म्हनलं की सरकार हालतं. मग खडीची कामं निघत्यात, मजुरांना खायला सुकडी यिती. मी ह्या बाईला चार दिस झालं दोन आनं सांगतोय. ती हसून फुडं जाती. असला तलाठी म्या जन्मात पाह्यला न्हाई."

मी उठून बसलो.

आमच्याकडे आणेवारी म्हणजे किती नुकसान झाले ते नाही, किती उरले ते. सोळा आणे म्हणजे भरले रान. दोन आणे म्हणजे काहीच हाती लागणार नाही. आईने सांगितलेले तीन आणे तेच होते. बाई दुखणे विचारत होत्या आणि तात्या उरलेले सांगत होते. तात्यांचा आकडा जितका खाली जात होता, तितके बाईंना ते सुखी वाटत होते.

"तात्या," मी म्हणालो, "दुखतंय असं सरळ का सांगत न्हाई तुमी?"

"कोतवालानं इचारलं त्येवढंच सांगायचं. जास्त बोलायचं न्हाई."

"मग सोळा आणे कधी सांगता?"

तात्या हसले. हसताना त्यांनी कंबर धरली. "सोळा आनं कुनी सांगत न्हाई. त्येवढं पीक कुनाच्या रानात आजवर आलं न्हाई. आन् आलं तरी सांगायचं नसतं. पंधराच्या फुडं जायाचंच न्हाई."

*

आता मला जे लिहायचे आहे ते लिहायला अवघड जाते.

त्या दिवशी संध्याकाळी बाई वॉर्डात आल्या होत्या. मी त्यांना काही सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीलाही नाही. तात्या माझ्यासमोर दोन म्हणाले, बाईंनी लिहिले, आणि मी पांघरुणाच्या कडेशी चाळा करत बसलो.

मला भीती वाटत होती. माझ्या किरणांचे अकरा दिवस राहिले होते. एवढ्या शिकलेल्या बाईंना, तुमची वही उलटी आहे, असे पहिल्या वर्षातल्या मुलाने कसे सांगायचे? त्या रागावल्या तर? माझे यंत्र बंद केले तर? आता हसू येते, पण कुणाच्या तरी मेहरबानीवरच शाळा-कॉलेज मिळाले, असे मानून वाढलेल्या मुलाला तसेच वाटते. दुसरेही एक होते. बाईंचा आनंद मी पाहिला होता. तो आपल्या हाताने मोडायचा होता.

मी एक पूर्ण दिवस गप्प राहिलो. तो दिवस तात्यांच्या अंगावर गेला.

संध्याकाळी आईला सांगितले. आई म्हणाली, "तुजा बाप मोळ्या बांधतोय तिकडं. सगळी टोळी हसती त्याला. आन् तुला चार शब्द बोलवंनात व्हय?"

एवढेच म्हणाली, आणि माझे ताकाचे भांडे विसळायला गेली.

*

सकाळी यंत्राच्या खोलीबाहेर मी पहिल्या नंबरला जाऊन बसलो. काय बोलायचे ते वहीच्या पानावर लिहून आणले होते. बाई आल्यावर पान दुमडून खिशात गेले ते गेलेच.

"बाई," मी म्हणालो, "तात्या दोन आणे म्हणतात ते दुखण्याचे नाहीत."

"मग कशाचे?"

"उरलेल्याचे. आमच्याकडे पिकाची आणेवारी तशीच सांगतात. दोन म्हणजे फार वाईट. माझी आई तीन म्हणाली तेही तसेच. मी स्वतः मात्र तुमच्यासारखं सांगत होतो. म्हणजे वहीत…"

"पुन्हा सांग. सावकाश सांग."

मी पुन्हा सांगितले. बाईंनी वही उघडली, मागची पाने चाळली. एका पानावर त्यांचा अंगठा बराच वेळ थांबला. मग वही मिटून त्या यंत्राच्या खोलीत न जाता सरळ वॉर्डाकडे निघाल्या. मी त्यांच्या मागे गेलो.

तात्या भिंतीकडे तोंड करून पडले होते. फेरीची वेळ नव्हती, त्यामुळे फेटा खुंटीला होता. बाई लोखंडी स्टुलावर बसल्या. तात्या उठायला लागले तर त्यांनी खांद्याला हात लावून थांबवले.

"तात्या, काल दोन आणे म्हणालात. काय दोन आणे?"

"पीक, बाई."

"कसलं पीक?"

"ह्या देहाचं. दोन आनं ऱ्हायलंय."

"आणि दुखणं?"

"ते चवदा." तात्यांना नवल वाटलेले दिसले. "सोळातनं दोन गेलं की चवदाच की."

बाईंनी हातातली वही खाटेवर ठेवली. मग म्हणाल्या, "मी रोज छान म्हणत होते. तुम्ही मला एकदाही टोकलं नाहीत."

"म्हनलं, एवड्या शिकलेल्या हायती. त्यांला ठाव असंल काय छान हाय ते."

बाईंनी स्वतः कपाटाचे कुलूप काढून औषध आणले. तात्यांनी ते घेतले आणि तोंड वाकडे केले. "लई कडू हाय."

"चूक माझी, आणि कडू तुम्हाला," बाई म्हणाल्या.

त्या दिवशी तात्या अकराला झोपले ते चार वाजले तरी उठले नाहीत. दांडी धरलेली नव्हती. हात मोकळे, छातीवर. आई मध्येच घाबरली आणि त्यांच्या नाकाशी बोट धरून उभी राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काय न्हाई झालं. घोरतोय मेला."

*

बाई रागावल्या नाहीत. माझे यंत्रही बंद झाले नाही. उलट दुपारी त्यांनी मला बोलावले आणि आम्ही दोघे खाटेखाटेपाशी गेलो. मी प्रत्येकाला आमच्या बोलीत विचारायचो, "तुमी सांगितलं ते दुखन्याचं का उरल्याचं?" कुणी असे सांगत होते, कुणी तसे. खिडकीजवळच्या म्हातारीने सगळ्यांवर कडी केली. ती म्हणाली, "मी आपलं कायबी सांगत हुते. बाईच्या तोंडाकडं बघायचं आन् तिला बरं वाटंल ते सांगायचं."

बाई आधी हसल्या आणि मग खिडकीबाहेर पाहत राहिल्या. दोन महिन्यांची पाने होती ती. त्यांनी त्यांवर तिरपी रेघ मारली आणि वर लिहिले, प्रश्न चुकला. माणसे चुकली असे लिहिले नाही, हे मी पाहिले.

"वाईट वाटलं का, बाई?" मी विचारले.

"वाटलं. पण चार महिन्यांनी कळलं असतं तर?" मग थोडे थांबून त्या म्हणाल्या, "तू कालच सांगणार होतास ना?"

मी मान खाली घातली.

"तुझ्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी विचारलं नाही. आपण दोघांनीही एक दिवस उशीर केला."

दुसऱ्या दिवसापासून वॉर्डात नवा प्रश्न आला. "आज किती आणे बरं वाटतंय?" तात्या खूश झाले. "आता जमलं. आता बाई बांधावर आल्या." त्यांचा आकडा दोनावरून पाचावर आला. किरणांचा गुण यायला थोडे दिवस लागतात, तसा तो आला आणि आकडा आठ झाला, मग नऊ. वेळेवर औषध मिळू लागल्यावर ते फेरी नसतानाही फेटा बांधून बसू लागले, आणि वॉर्डातल्या सगळ्यांना तलाठ्यांच्या गोष्टी सांगू लागले. त्यात एका साहेबाला बैल मागे लागल्याची गोष्ट होती. ती त्यांनी रोज सांगितली आणि बैल रोज थोडा मोठा होत गेला.

याच दिवसांत वडील एकदा भेटून गेले. येताना दोन ऊस आणले होते. माझ्या जांभळ्या गळ्याकडे त्यांनी एकदाच पाहिले. त्यांच्या तळहातांवर पाचटाने कापल्याच्या बारीक रेघा होत्या. "मोळी आता तुज्यापेक्षा चांगली बांधतो," ते आईला म्हणाले. आई म्हणाली, "मग फुडल्या साली मीच तोडते. तुमी बांधा." दोघांना हसताना मी किती दिवसांनी पाहत होतो.

*

तात्या माझ्याआधी घरी गेले. बाईंनी त्यांच्याबरोबर औषधाची बाटली दिली आणि पोस्टकार्डांची गड्डी दिली. पत्ते मी लिहिले होते. "बाकी काही लिहू नका," बाईंनी त्यांच्या मुलाला सांगितले. "सोमवारी सकाळी तात्या सांगतील तो आकडा तेवढा लिहायचा. आकडा सहापर्यंत खाली आला, तर मी बाटली घेऊन येते." मुलगा चौथी शिकलेला होता. आकडा लिहायला तेवढे पुरेसे होते.

निघताना तात्यांनी माझा हात धरला. मला वाटले, काही आशीर्वाद देतील. ते म्हणाले, "भाऊसाहेब, तुमचा त्यो पाढा चुकतोय. एकुनतीस सत्ते दोनशे तीन. तुमी दोनशे एक म्हनता. झोपेत बी म्हनता."

माझे किरण संपले त्या दिवशी आईने कुठून तरी अर्धी बादली पाणी मिळवले. जांभळ्या रेघा धुऊन गेल्या. खालची कातडी काळवंडली होती, पण गाठी हाताला लागत नव्हत्या. एवढ्या पाण्याची चैन त्या वर्षी आमच्या गावात कुणी केली नसेल.

माझे एक वर्ष बुडाले. मानेवरचे गळालेले केस काही महिने आले नाहीत, आणि तोंडाला चव यायला त्याहून जास्त दिवस लागले. पण मी परत वर्गात बसलो. दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो.

मागच्या खेपेला बाईंनी टेबलाच्या खणातून तात्यांची कार्डे काढून माझ्यासमोर ठेवली. नऊ. दहा. नऊ. सहा. सहाच्या कार्डानंतर बाई स्वतः एस.टी.ने जाऊन बाटली देऊन आल्या होत्या. मग दहा. अकरा. शेवटच्या कार्डावर बारा होता आणि त्याखाली, सांगितलेले नसताना, मुलाने दोन ओळी लिहिल्या होत्या. "हा आकडा तात्यांनी सकाळी सांगितला. खाट अंगणात टाकायला लावली. दुपारी गेले."

मग बाईंनी बारा हा आकडा नव्या वहीत लिहिला. रेघ नीट ओढली आणि वही मिटली.

मलाही त्यांनी कार्डे दिली आहेत. महिन्याच्या पहिल्या तारखेला एक पाठवायचे. या महिन्याचे कार्ड मी गावी असताना लिहिले. शेजारी बसून आई बाजरी निवडत होती. यंदा पाऊस बरा झाला आहे.

"किती लिवलं?" तिने विचारले.

"सोळा."

"खोड ते."

"अगं, पण खरंच…"

"खोड म्हनते ना. तात्यानं काय सांगितलं हुतं?"

मी सोळा खोडून पंधरा लिहिले आणि कार्ड पेटीत टाकून आलो. आमच्याकडचे पंधरा म्हणजे किती, हे आता बाईंना ठाऊक आहे.